ठशात उमटलेले गाव

१ सप्टेंबर १९२३. दुपारचे बारा वाजायला दोन मिनिटे असताना टोकियो हादरले. भूकंप आणि त्यापाठोपाठ भडकलेल्या आगींत त्या परिसरात सुमारे एक लाख माणसे गेली. छापचित्रकार कावासे हासुई वाचले, पण त्यांचे घर जळाले. वर्षानुवर्षांच्या भटकंतीत भरलेल्या १८८ चित्रवह्याही गेल्या. प्रकाशक वातानाबे शोझाबुरो यांच्याकडचे लाकडी ठसे त्याच आगीत राख झाले. हासुई तेव्हा चाळीस वर्षांचे होते.

त्याच वर्षी ते नवी वही घेऊन निघाले आणि शंभराहून अधिक दिवस जपान फिरले. १९२५ मध्ये त्यांचे एक छापचित्र आले : बर्फात उभे झोजोजी मंदिराचे लाल महाद्वार आणि छत्री पुढे झुकवून चालणारी एक स्त्री. हे मंदिर शिबा भागातले. हासुईंचा जन्मही तिथलाच. भूकंपातून ते दार वाचले होते.

या कामाने हासुईंच्या मनाला किती आधार दिला, हे कुणी मोजलेले नाही. जागा सुटल्याचा आघात मात्र खरा असतो. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञ मिंडी फुलिलव्ह यांनी त्याला ‘रूट शॉक’, म्हणजे मुळांनाच बसलेला धक्का, असे नाव दिले. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर वसवलेल्या, सरळ रस्त्यांच्या नव्या गावांत अनेकांना परके वाटले ते यामुळेच. निवृत्तीनंतर गाव सोडून मुलाच्या फ्लॅटमध्ये आलेल्या आजी-आजोबांची झोप उडते, भूक मंदावते, तेव्हा तपासण्यांच्या जोडीने हेही विचारायला हवे.

हासुई चित्र काढत. कोरणारे आणि छापणारे कारागीर वेगळे. आज हौशी माणूस लिनोकटमध्ये तिन्ही कामे स्वतःच करतो. लिनोलियम हे जवसाचे तेल आणि बुचाची पूड यांपासून बनते. उन्हात थोडे तापवले की कोरायला मऊ पडते. कोरलेला भाग कोरा राहतो, उरलेल्यावर रोलरने शाई चढते. वर कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासले तरी छाप उठतो. चित्र उलटे उमटते, म्हणून आपल्या गल्लीतला पिंपळ डावीकडे की उजवीकडे, हे आधी नीट आठवावे लागते. रोज दिसणारी जागा माणूस तेव्हा कुठे खरी पाहतो. शिवाय एकदा निघालेली कपची परत चिकटत नाही. त्यामुळे घाई आपोआप सुटते.

फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ३९ प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. माती, रंगीत पेन, कोलाज यांपैकी काहीही घेऊन ४५ मिनिटे काम केल्यावर सुमारे ७५ टक्के जणांच्या लाळेतील कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, कमी झाले. चित्रकलेचा आधीचा अनुभव असो वा नसो, फरक पडला नाही. मात्र तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि कॉर्टिसॉल दिवस चढतो तसे एरवीही उतरते. छापचित्रांची यात परीक्षा झालेलीच नाही. तेव्हा याला औषध म्हणणे घाईचे. निरुपद्रवी, स्वस्त सोबत म्हणायला हरकत नाही.

निरुपद्रवी, पण हत्यार सांभाळून. कोरणी नेहमी शरीरापासून दूर ढकलावी आणि दुसरा हात पात्याच्या मागे ठेवावा. जखमा होतात त्या बहुधा हा हात पुढे राहिल्याने. रक्त पातळ करणारी गोळी चालू असणाऱ्यांनी, हात थरथरणाऱ्यांनी आणि मधुमेहामुळे बोटे बधिर झालेल्यांनी मऊ रबराचे ठसे व बोथट साधने घ्यावीत. शाई पाण्यात धुतली जाणारी असावी. दम्याच्या रुग्णांनी टर्पेंटाइनच्या वाटेला जाऊ नये. अर्ध्या तासाने उठून मनगट सैल करावे. अंगठ्याच्या मुळाशी कळ राहिली तर काही दिवस कोरणे थांबवावे.

उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली किंवा जगणे नको वाटू लागले, तर मात्र थेट मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. कोरणे उपचाराच्या जोडीनेही चालू ठेवता येते.