अक्कलदाढेचे दुखणे : दुर्लक्ष नको

प्रौढ माणसाच्या तोंडात एकूण ३२ दात असतात. त्यांपैकी सर्वांत शेवटी, साधारणतः वयाच्या १७ ते २५ वर्षांच्या दरम्यान उगवणाऱ्या चार दाढांना ‘अक्कलदाढ’ म्हणतात. काहींना या दाढा येतच नाहीत. त्यात काळजीचे कारण नाही. मात्र खालच्या जबड्यातील अक्कलदाढ अनेकांना त्रासदायक ठरते.

याचे मूळ कारण म्हणजे जागेची टंचाई. इतर दात आधीच स्थिरावलेले असल्याने शेवटच्या दाढेला पुरेशी जागा उरत नाही. मग ती तिरपी किंवा आडवी वाढते, अर्धवट वर येते अथवा हाडातच अडकून राहते. अर्धवट उगवलेल्या दाढेवर हिरडीचा पदर राहतो. त्याखाली अन्नकण साचून जंतूंची वाढ होते आणि हिरडी सुजते. दुखणे कानापर्यंत जाते, तोंड उघडत नाही, घास गिळताना त्रास होतो. तिरप्या दाढेमुळे पुढची निरोगी दाढही किडू शकते.

अशा वेळी सुजेवर बाहेरून शेक देणे, हिरडीवर तंबाखू, मिश्री किंवा वेदनाशामक गोळी दाबून ठेवणे असे उपाय केले जातात. त्यांनी दाढ बरी होत नाही. उलट गोळीने हिरडी भाजते. दंतवैद्याकडे जाईपर्यंत कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भराव्यात आणि मऊ ब्रशने ती जागा हलकेच स्वच्छ ठेवावी.

क्ष-किरण चित्रावरून दाढेची स्थिती कळते. खालच्या ओठाला संवेदना देणारी नस या दाढेच्या मुळांजवळून जाते. म्हणून ही दाढ काढण्याचे काम प्रशिक्षित दंतवैद्याकडेच सोपवावे. अर्थात प्रत्येक अक्कलदाढ काढावीच लागते असे नाही. निरोगी दाढ केवळ खबरदारी म्हणून काढू नये, अशी मार्गदर्शक सूचना ब्रिटनमधील आरोग्य संस्थेने २००० साली दिली आहे.

ताप येणे, सूज हनुवटीखाली किंवा गळ्याकडे उतरणे, लाळही गिळता न येणे, श्वासास अडथळा होणे ही धोक्याची लक्षणे होत. जंतुसंसर्ग गळ्यात पसरल्यास प्राणावर बेतू शकते. अशा रुग्णास विनाविलंब मोठ्या रुग्णालयात न्यावे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तोंड कमी उघडते म्हणजे अक्कलदाढच असेल, असे मानू नये. सुपारी व गुटख्याच्या सेवनाने तोंडातील आतील त्वचा ताठर होते व तोंड हळूहळू मिटत जाते. ही अवस्था पुढे कर्करोगाकडे नेऊ शकते. म्हणून तरुणांची अशी तक्रार आढळल्यास शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी त्यांना वेळीच तपासणीस पाठवावे. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांच्या रुग्णालयांत उपचारांची सोय आहे. वेळेवर केलेली तपासणी पुढील मोठे दुखणे टाळू शकते.