बारा खांबांच्या आत

जुन्नरजवळच्या तुळजा लेण्यांत एक गोल चैत्यगृह आहे. ते चित्रात उतरवायला बसणाऱ्याची पहिली अडचण म्हणजे मागे सरकायला जागाच नसते. जेमतेम २५ फूट व्यासाचे दालन. मधोमध स्तूप, भोवती साधे अष्टकोनी १२ खांब, खांबांवर घुमट आणि प्रदक्षिणेच्या वाटेवर अर्धकमानीचे छत. कुठेही उभे राहा, दोन-चार खांब आड येतात आणि स्तूपाची पलीकडची बाजू झाकलेलीच राहते. १७८७ मध्ये रॉबर्ट बार्करने गोल भिंतीवर चौफेर देखावा रंगवण्याचे पेटंट घेतले, तेव्हा प्रेक्षक मध्यभागी होता आणि शहर त्याच्याभोवती. तुळजा लेण्यात नेमके उलटे आहे: मध्य स्तूपाचा, फिरायचे पाहणाऱ्याने. म्हणून इथले चित्र डोळ्यांपुढच्या दृश्याची नक्कल असूच शकत नाही. दोरी आणि ओळंबा लावून, फेऱ्या घालून, तुकड्यातुकड्याने पाहिलेले एका कागदावर बसवावे लागते. वास्तूच्या आतल्या भागाचे प्रत्येक चांगले चित्र अशी जुळणी असते, आणि माझ्या मते ते विश्वासार्ह ठरते तेही या जुळणीमुळेच.

जुळवलेले चित्र पुरावा कसे मानायचे, हा आक्षेप रास्त आहे आणि त्याची कसोटी पुण्यातच लागते. १७९० च्या दशकात गंगाराम चिंतामण तांबट हा पुण्याचा चित्रकार पेशवे दरबारातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट आणि स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स यांच्यासाठी काम करत होता. त्याने वेरूळची लेणी रेखाटली. त्याची बरीच चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. वेल्स १७९५ मध्ये वारला. पुढे त्याच्या अभ्यासचित्रांचा आधार घेऊन थॉमस डॅनियलने १८०५ मध्ये पेशव्यांच्या दरबारात इंग्रजांशी झालेल्या १७९० च्या तहाचे भव्य चित्र पुरे केले. डॅनियल त्या दरबारात नव्हता, आणि वेल्स हिंदुस्थानात आला तोच १७९१ मध्ये. तेव्हा कोण कुठे बसले होते, यासाठी या चित्रावर विसंबता येत नाही. दालनाची गोष्ट मात्र वेगळी आहे. माणसे उठून जातात, खांब जागेवर राहतात. वेल्सने पुण्यात राहून काम केले ते नंतर, पण तेव्हा दरबाराची जागा, शनिवारवाडा, उभा होता. १८२८ च्या आगीत त्याच्या आतल्या इमारती गेल्या, तरी जोती उरली आहेत. रंगवलेले अंतर त्या जोत्यांशी ताडून पाहता येते, कुठे उंची ताणली असेल तर शंकाही घेता येते. जे मोजून जुळवले, ते पुन्हा मोजून तपासता येते.

मग कॅमेरा आणि लेसर मोजणी असताना हाताने कशाला काढायचे? जुन्नरजवळच्याच लेण्याद्रीच्या ७ क्रमांकाच्या लेण्यात, गिरिजात्मज गणपतीच्या मंडपात, एवढ्या रुंद छताखाली एकही खांब नाही आणि उजेड येतो तो फक्त दर्शनी बाजूने. रुंद भिंगाने टिपले तर कोपरे ताणले जातात. दार नीट दिसले तर आतली बाजू काळी पडते, आतली बाजू दिसली तर दार पांढरे होते. अनेक छायाचित्रे जोडून यातून मार्ग निघतो, पण मग तीही जुळणीच झाली. लेसरची मोजणी अत्यंत अचूक असते आणि ती व्हायलाच हवी. मात्र तिच्यासाठी प्रत्येक बिंदू सारखाच. हा मूळ छिन्नीचा घाव की नंतरचा गिलावा, ही भेग की कोरलेली रेघ, हे रेघ ओढण्यापूर्वी ठरवावे लागते ते चित्रकाराला. शेजारच्या ६ क्रमांकाच्या चैत्यगृहात खांबांच्या माथ्यावर प्राणी कोरले आहेत. तिथे तर अशा निर्णयांवाचून एक रेघही पुढे जात नाही.

लेणी दगडाची आहेत, ती थांबतील. घरे थांबत नाहीत. ज्या गावावरून आंबेगाव तालुक्याला नाव मिळाले ते जुने गाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेले. जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांतल्या जुन्या घरांत कुठे कुठे माजघर, देवळ्या, कडीपाट अजून शाबूत आहेत. उंबऱ्यापासून देवघरापर्यंत किती हात, जिन्याची पायरी किती उंच, दुपारचे ऊन माजघरात कुठवर येते, हे सारे आज टेप आणि ओळंबा घेऊन मोजता येते.