विदेशी सर्पांचे पालन आणि कायदेशीर परवाने : एक विवेचन

प्रस्तावना :
मारेगाव परिसरात सापाचा संबंध प्रामुख्याने शेतीशी येतो. तथापि समाजमाध्यमांमुळे विदेशी साप पाळण्याच्या हौशीची ओळख ग्रामीण विद्यार्थ्यांनाही होत आहे. 'परवाना काढला की कोणताही साप पाळता येतो', हा समज कितपत खरा आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

देशी साप :
वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार 'शिकार' या संज्ञेत प्राणी पकडण्याचाही समावेश होतो. त्यामुळे नाग, धामण वा अजगर छंद म्हणून पाळण्यासाठी परवाना मिळत नाही. कलम १२ अन्वये शिक्षण, संशोधन, सर्पविषापासून औषधनिर्मिती अशा विशेष प्रयोजनांसाठीच परवानगी दिली जाते. २०२५ च्या नागपंचमीनिमित्त सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्यास केंद्राने दिलेली मर्यादित परवानगीही शैक्षणिक प्रयोजनासाठीच होती. महाविद्यालयीन प्रयोगशाळाही या नियमास अपवाद नाही.

विदेशी साप :
वन्य प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या 'सायटिस' कराराचा भारत १९७६ पासून सदस्य आहे. अधिनियमातील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली आणि या करारातील प्रजाती अनुसूची ४ मध्ये समाविष्ट झाल्या. आफ्रिकेतील बॉल पायथन हा त्यांपैकीच एक होय. २०२४ च्या नियमांनुसार अशा जिवंत प्राण्याचा ताबा 'परिवेश' संकेतस्थळाद्वारे नोंदवावा लागतो. हस्तांतरण, जन्म व मृत्यू यांचीही माहिती द्यावी लागते.

उत्तर अमेरिकेतील कॉर्न स्नेक या करारात नाही. म्हणून तो मुक्तपणे आणता येतो असे मात्र नाही. जिवंत प्राण्याच्या आयातीसाठी विदेश व्यापार महासंचालनालयाचा परवाना आवश्यकच असतो. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाकडून ९ बॉल पायथन व २ कॉर्न स्नेक जप्त झाले. करारातील आणि कराराबाहेरील अशा दोन्ही प्रजाती एकाच कारवाईत सापडल्या, हे येथे लक्षणीय आहे.

समारोप :
ताब्याची नोंदणी हा आयात परवान्याचा पर्याय नव्हे. म्हणून विद्यार्थ्याने विचारणा केल्यास प्राध्यापकांनी तीन बाबी तपासावयास सांगाव्यात : प्रजाती कोणती, ती कोणत्या अनुसूचीत आहे आणि प्राणी देशात कोणत्या कागदपत्रांच्या आधारे आला. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर विक्रेत्याकडे नसेल, तर तो साप न घेणे हेच कायद्याच्या आणि त्या जिवाच्याही हिताचे ठरेल.