फोर्क काढताय? आधी नाव ठरवा

पायथॉनमध्ये चित्रांवर काम करणारं ‘पिल’ हे मॉड्यूल 2009 मधल्या 1.1.7 आवृत्तीनंतर थांबलं. 2010 मध्ये त्याचा फोर्क, म्हणजे मूळ कोडवरून काढलेली स्वतंत्र आवृत्ती निघाली, ‘पिलो’. प्रोग्रॅममध्ये मात्र ते ‘पिल’ याच नावाने आयात होतं. त्यामुळे जुने प्रोग्रॅम फारशी मोडतोड न करता चालले. पण दोन्ही मॉड्यूल्स एकत्र बसवता येत नाहीत.

‘पायक्रिप्टो’ या कूटलेखनाच्या पायथॉन मॉड्यूलच्या वारसदाराने हा पेच जास्त चतुराईने सोडवला. मूळ मॉड्यूलची शेवटची आवृत्ती 2013 ची. ‘पायक्रिप्टोडोम’ थेट त्याची जागा घेतं, तर ‘पायक्रिप्टोडोमेक्स’ वेगळ्या नावाने आयात होतं आणि जुन्याच्या शेजारी सुखाने नांदतं.

नावाचा गैरफायदा घेणारेही असतात. 2017 मध्ये एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या भांडारावर ‘क्रॉस-एन्व्ह’ या पॅकेजच्या नावातली आडवी रेघ तेवढी गाळून ‘क्रॉसएन्व्ह’ हे पॅकेज कुणीतरी चढवलं होतं. ते बसवणाऱ्याच्या संगणकावरची गुप्त माहिती पळवायचं. म्हणून प्रामाणिक फोर्कनेही संशयाला जागा ठेवू नये. एनपीएमवर तो स्वतःच्या ‘स्कोप’खाली, म्हणजे पॅकेजच्या नावाआधी आपल्या खात्याचं नाव लावून ठेवता येतो. पर्लच्या सीपॅन या भांडारावर दुसऱ्याच्या मॉड्यूलचं नाव परवानगीविना वापरलं, की ‘अनधिकृत’ असा शिक्काच बसतो!

नावाइतकाच मूळ प्रकल्पाचा परवानाही वाचायला हवा. एमआयटी परवान्यातली मूळ कॉपीराइट सूचना काढता येत नाही. अपाची 2.0 मध्ये बदललेल्या फायलींवर तशी ठळक नोंद लागते.

दुरुस्ती चार ओळींचीच असेल, तर वेगळी आवृत्ती काढण्याआधी ती मूळ प्रकल्पाकडे जरूर पाठवून पाहा.