गाव स्वतःच्या जिवावर किती दिवस काढेल?

२०२० च्या मार्चमध्ये देशभर टाळेबंदी लागली तेव्हा बऱ्याच गावांनी वेशीवर काट्याकुट्या टाकून रस्ते अडवले होते. 'आमचं आम्ही बघून घेऊ' ही त्यामागची भावना. शहरातले लोकही गावाकडे निघाले ते याच भरवशावर, की तिथे निदान भाकरी तरी मिळेल. पाश्चात्त्य देशांत तर सगळी समाजव्यवस्थाच एक दिवस कोसळेल या धास्तीने तळघरात डबाबंद अन्न साठवणारे आणि दूर कुठेतरी शेत घेऊन ठेवणारे लोक आहेत. पण बाहेरून काहीच आलं नाही तर एखादं गाव खरोखर किती काळ टिकेल? या प्रश्नाचा बराचसा भाग साध्या अंकगणिताचा आहे, आणि ते वर्गात करता येतं.

समजा, पठारावरचं, जिरायत जमिनीचं, हजार वस्तीचं गाव आहे. लहानथोर सगळे धरून माणशी रोज अर्धा किलो ज्वारी लागेल. त्यातून सुमारे १७०० किलोकॅलरी मिळतात. उरलेल्या डाळ, तेल, भाजीतून. म्हणजे वर्षाला माणशी सुमारे १८० किलो आणि गावाला १८० टन. जिरायत रब्बी ज्वारी बऱ्यापैकी वर्षी हेक्टरी ८ क्विंटल होते असं धरलं, तर २२५ हेक्टर ज्वारीखाली हवेत. डाळी आणि करडईसाठी आणखी ७५ धरा. एकूण ३०० हेक्टर. एवढी जमीन पुष्कळ गावांकडे असते.

आता ही जमीन कसायची कशी? डिझेल बाहेरून येतं, तेव्हा ट्रॅक्टर बाद. पाच हेक्टरांना एक बैलजोडी धरली तर १२० बैल लागतील, आणि बैल हवेत म्हणजे गाईही हव्यात. एका जनावराला रोज ६ किलो वाळली वैरण, म्हणजे वर्षाला सव्वादोन टनांच्या आसपास. ज्वारीचा कडबा वजनाने धान्याच्या दुपटीहून थोडा जास्त भरतो. १८० टन ज्वारीमागे ४०० टन कडबा धरू. त्यावर १८० जनावरं जगतील. १२० बैल आणि ६० गाई! गणित जमतं, पण जेमतेम. जुनी वाणं उंच का होती आणि बुटकी वाणं आल्यावर शेतकरी कडब्यासाठी का हळहळत, ते या आकड्यांत दिसतं.

मीठ मात्र या गणितात बसत नाही. माणशी रोज ८ ग्रॅम धरलं तरी गावाला वर्षाला तीन टन मीठ लागतं, जनावरांचं वेगळंच. पाठीवर ओझं वाहणारा बैल साधारण एक क्विंटल नेतो. म्हणजे तीस बैल मीठ घेऊन दर वर्षी गावात यायला हवेत. ते येत असत. वंजाऱ्यांचे तांडे कोकण किनाऱ्याचं मीठ घाटावर आणत. गावच्या बलुतेदारांत लोहार होता, पण फाळासाठी लागणारं लोखंड बहुतेक ठिकाणी विकतच आणावं लागे. १८३० मध्ये चार्ल्स मेटकाफ या इंग्रज अधिकाऱ्याने हिंदुस्थानातल्या खेड्यांना छोटी प्रजासत्ताकं म्हटलं. मिठाचा विचार त्याच्या मनात आला नसावा.

मीठ आलं असं धरू. तरी वरचा हिशेब सरासरी वर्षाचा आहे, आणि आपल्याकडचा पाऊस सरासरीने पडत नाही. वाईट वर्षासाठी साठा हवा. त्यासाठी पेव होतं. 'पेव फुटलं' हा शब्दप्रयोग मुलांना ठाऊक असतो, पेव मात्र बहुतेकांनी पाहिलेलं नसतं. कठीण मुरमात खणलेला, तोंडाशी अरुंद आणि आत रुंद असा हा खड्डा. तळाला आणि बाजूंना पाचट किंवा भूस लावायचं, वाळवलेलं धान्य ओतायचं, वर दगड ठेवून मातीने लिंपायचं. पुढचं काम धान्यच करतं. दाणे जिवंत असतात, ते श्वसन करतात. त्यांच्यातले किडेही करतात. कोंडलेल्या हवेतला प्राणवायू संपत जातो आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो. प्राणवायू तीन टक्क्यांखाली गेला की बहुतेक किडे मरतात. औषध न घालता कीड स्वतःच स्वतःला संपवते. अट एकच, धान्य चांगलं वाळलेलं हवं. पाणी १२ टक्क्यांहून फार नको, नाहीतर बुरशी आणि उष्णता वाढते. ओल आणि कोंडलेली हवा यांनी उगवणशक्ती घटते, म्हणून बियाणं वेगळं राखावं लागतं. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं प्रसिद्ध होती. २००५ च्या महापुराचं पाणी शिरून त्यांची मोठी हानी झाली.

पेव उघडल्यावर लगेच आत उतरणं जिवावर बेतू शकतं. म्हणून आधी दिवा सोडून बघत. दिवा विझला की आत जायचं नाही.

तीन मीटर खोल आणि सरासरी दोन मीटर रुंद पेवात सात टन ज्वारी मावते. आपल्या गावाला एका वर्षाच्या साठ्यासाठी अशी सव्वीस पेवं लागतील. ती भरायची कशी? चांगल्या वर्षी खाऊन पाचवा हिस्सा उरला, तर एक वर्षाचा साठा व्हायला ओळीने पाच चांगली वर्षं हवीत. शिवाय पेव कुणाचं, हा प्रश्न राहतोच. ते ज्याची शिल्लक मोठी त्याचं असे. शेतमजुराकडे पेव नव्हतं.

दुष्काळ एका गावापुरता येत नाही, सगळा मुलूख घेऊन येतो. शेजारच्या गावाकडेही तेव्हा काही नसतं. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये लाखो माणसं मेली. सोलापूरपर्यंत आगगाडी १८६० मध्येच पोहोचली होती. धान्य आणता येत होतं, पण मजुरी बुडालेल्यांकडे ते विकत घ्यायला पैसे नव्हते. सरकारी कामांवर रिचर्ड टेंपलने ठरवलेली मजुरी म्हणजे एक पौंड धान्याची किंमत आणि वर थोडी चिल्लर. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम, सुमारे १६०० किलोकॅलरी. दगड फोडणाऱ्या माणसाला त्याच्या जवळजवळ दुप्पट लागतात. मद्रासच्या आरोग्य खात्याचे प्रमुख डॉ. कॉर्निश यांनी त्याच वेळी यावर हरकत घेतली होती.

१९७२-७३ मध्ये महाराष्ट्रात लागोपाठ तिसऱ्या वर्षी पीक बुडालं. पेवं तोवर बहुतेक इतिहासजमा झाली होती. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसं होती. त्यांच्या हातात मजुरी होती आणि धान्य बाहेरून येत होतं; अमेरिकेची तांबडी मिलो जुन्या माणसांना आजही आठवते. हाल झाले, जनावरं गेली, पण १८७६ सारखी माणसं मेली नाहीत. या अनुभवातून १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला. माझ्या मते गावाच्या तयारीत पेवाइतकंच महत्त्व या व्यवस्थेला द्यायला हवं, आणि वेस बंद करणाऱ्यांच्या मनात नेमकी तीच नसते.

आज गाव तुटलंच तर भाकरीआधी पाणी अडेल. आडाचं पाणी पोहऱ्याने काढता येत असे. विंधनविहिरीत पोहरा जात नाही. सोलापूरच्या एका पंपावरून सत्तरच्या दशकात घडवलेला 'इंडिया मार्क-२' हातपंप साधारण ४५ मीटरपर्यंत चालतो. पाणी १०० मीटरवर गेलं असेल, तर हजार माणसांना प्रत्येकी २० लिटर देण्यासाठी रोज सुमारे दोन कोटी ज्यूल ऊर्जा लागते. एक माणूस आठ तास राबून वीस लाखांच्या आसपास देतो. घर्षण सोडून दिलं तरी दहा माणसं दिवसभर नुसती पाणीच उपसत राहतील, तेही तसं यंत्र हाताशी असलं तर. वर्गात हा हिशेब आपल्या गावच्या पाणीपातळीवरून करून घ्यावा. जनावरांचं पाणी मी धरलेलं नाही. एका बैलाला दिवसाला ४० लिटर धरायला हरकत नाही.