निळ्या हायड्रेंजियामागचं अॅल्युमिनियम

आम्लात लिटमस लाल होतो, हायड्रेंजिया मात्र आम्लधर्मी मातीत निळा फुलतो. कारण इथे रंग ठरवतं ते आम्ल नव्हे, अॅल्युमिनियम. गुलाबी आणि निळ्या फुलांतलं रंगद्रव्य एकच, डेल्फिनिडिन गटातलं अँथोसायनिन. त्याला अॅल्युमिनियमचे आयन आणि काही सहायक सेंद्रिय संयुगं येऊन जुळली, की ते निळं दिसतं. अॅल्युमिनियम जवळपास प्रत्येक मातीत असतं, पण सामू साधारण ५.५ च्या खाली असेल तरच ते पुरेसं विरघळून मुळांपर्यंत पोचतं. म्हणूनच जपानच्या आम्लधर्मी मातीत हे फूल निळं, तर चुनखडीच्या जमिनीत गुलाबी दिसतं.

मग नुसतं व्हिनेगर ओतून भागणार नाही का? नाही. त्याचा परिणाम फार टिकत नाही. शिवाय निव्वळ कोकोपीटच्या कुंडीत सामू कमी असला तरी अॅल्युमिनियमच तुटपुंजं असतं. गंजके खिळे पुरूनही उपयोग नाही. त्यातून मिळतं ते लोह. म्हणून सामू उतरवायला गंधक, आणि कळ्या धरण्याआधीपासून अॅल्युमिनियम सल्फेटचं किंवा तुरटीचं पातळ द्रावण, असे दोन्ही उपाय हवेत. द्रावण दाट झालं तर मुळांना इजा होते, हा आक्षेप रास्तच आहे. म्हणून मात्रा थोडी आणि अंतराने द्यावी. स्फुरद अॅल्युमिनियमला बांधून ठेवतं, तेव्हा स्फुरदयुक्त खतं बेतानेच घालावीत. दख्खनच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीशी झगडण्यापेक्षा कुंडी बरी. पांढऱ्या जाती मात्र काहीही केलं तरी निळ्या होत नाहीत.