भग्न मनाची प्रार्थना

प्रेमभंग हा शब्द आपण कथा-कादंबऱ्यांत इतक्या वेळा वाचलेला असतो, की तो प्रत्यक्षात कुणाच्या वाट्याला आला तर आपल्याला थोडेसे हसूच येते. कँटीनमध्ये अशा माणसाची थट्टा होते. घरी 'विसरून जा' असे सांगण्यात येते. पण विसरावयाचे कसे, हे मात्र कुणी सांगत नाही. ख्रिस्ती उपासनेत या दुःखाला एक भाषा आहे. ती कोणती आणि तिने मन शांत कसे होते, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

हा विषय मी केवळ पुस्तकातून उचललेला नाही. दोन वर्षांपूर्वी माझे ठरलेले लग्न मोडले. चर्चमध्ये लग्नाची घोषणाही एकदा वाचून झाली होती. त्यामुळे ही गोष्ट साऱ्या मंडळीला ठाऊक होती. कारण मला कधीच कळले नाही. त्या दिवसांत मी प्रार्थनेला बसे आणि पाठ असलेली उपकारस्तुती म्हणून उठे. मन होते तेथेच राही. एकदा आजी म्हणाली, "देवापुढं शहाणपणानं बोलू नकोस. जे वाटतं ते बोल. रडायचं असंल तर रड." आणि तिने माझ्या हाती स्तोत्रसंहिता दिली.

पवित्र शास्त्रातील या ग्रंथात 150 स्तोत्रे आहेत. ती सगळी स्तुतीचीच असतील अशी आपली समजूत असते. परंतु त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. तेरावे स्तोत्र पाहा. अवघ्या सहा ओव्यांचे; पण त्याच्या आरंभी 'आणखी किती काळ' या अर्थाचा प्रश्न चार वेळा येतो. मग मागणे येते आणि शेवटी विश्वास. हाक, तक्रार, मागणे, विश्वास अशा पायऱ्या बहुतेक विलापस्तोत्रांत दिसतात. मात्र अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र शेवटची पायरी चढतच नाही. ते अंधारातच संपते. तरीही ते शास्त्रात ठेवले गेले आहे. ज्या दिवशी विश्वासाचा शब्द ओठांवर येत नाही, त्या दिवसाचीही प्रार्थना असते, हे मला या स्तोत्राने शिकविले.

मराठी वाचकाला हे नवलाचे वाटू नये. तुकोबा विठोबाशी भांडले, रुसले, त्याला बोल लावले. ती भक्तीच होती. ज्याच्याशी नाते तुटलेले नाही त्याच्याशीच माणूस भांडतो. मनातल्या मनात फिरणारे दुःख एकाच जागी घिरट्या घालते. तेच कुणाला उद्देशून बोलू लागलो की त्याला वाक्य लागते आणि वाक्याला कोठेतरी पूर्णविराम येतो.

दुसरी गोष्ट मागण्याची. गेथशेमाने बागेत येशूने हा दुःखाचा प्याला टळावा असे स्पष्ट मागितले. आणि त्याच प्रार्थनेत पित्याच्या इच्छेला मान तुकविली. मागणे आणि सोपविणे ही दोन्ही तेथे एकत्र आहेत. 'तो परत आला तर मी अमुक करीन' हा सौदा झाला. 'तो परत यावा असे मला वाटते. पण माझे आयुष्य तुझ्या हाती आहे' ही प्रार्थना. पहिलीत मन रोज निकालाची वाट पाहते. दुसरीत ते हळूहळू मोकळे होते.

सर्वांत कठीण पायरी क्षमेची. मत्तयाच्या शुभवर्तमानातील प्रभूच्या प्रार्थनेत, मराठीत, अपराधासाठी 'ऋण' हा शब्द आला आहे. तो मला फार अर्थपूर्ण वाटतो. त्याने मला कारण सांगणे लागत होते, असे मी मनाच्या वहीत मांडून ठेवले होते आणि रोज त्यावर व्याज चढत होते. क्षमा म्हणजे झाले ते योग्यच झाले असे म्हणणे नव्हे. ती उधारी वसूल करण्याचा हक्क सोडणे होय. हे एका दिवसात झाले नाही. कित्येक संध्याकाळी मी तो शब्द उच्चारीत असे आणि मन नाकबूल होत असे. एके दिवशी त्याचे नाव घेऊन त्याचे भले मागता आले, तेव्हा वही मिटल्याचे कळले.

शांती म्हणजे दुःख नाहीसे होणे नव्हे. पंडिता रमाबाईंचे पती 1882 साली, विवाहाला दोन वर्षेही झाली नसताना वारले. एकुलती एक कन्या मनोरमा 1921 मध्ये गेली. तरी केडगावला बायबलच्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी 1922 सालच्या आपल्या मृत्यूच्या सुमारापर्यंत चालविले. त्यांचे दुःख माझ्याहून कितीतरी मोठे. पण प्रार्थना माणसाला पुन्हा कामाशी नेऊन जोडते, हे त्यांच्या चरित्रावरून समजते.

एक मात्र सांगितले पाहिजे. झोप उडाली, अन्न जाईना, जीव नकोसा वाटू लागला, तर प्रार्थनेबरोबर जवळच्या माणसालाही सांगावे, डॉक्टरांकडे जावे. त्यात विश्वासाची उणीव नाही.

मित्रहो, तुमचा धर्म कोणताही असो, दुःखात असलेल्या सोबत्याला 'विसरून जा' असे सांगण्यापूर्वी त्याचे बोलणे पुरते ऐकून घ्या. प्रार्थनेने मला प्रथम दिले ते एवढेच: कुणीतरी शेवटपर्यंत ऐकत आहे, हा भरवसा.